श्रीवर्धनचा वारा आणि हवामानाचा अंदाज



रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन हे समुद्रकाठचे लहानसे शहर पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव म्हणून इतिहासाला आणि रोठा सुपारीमुळे बाजारपेठेला परिचित आहे. मासेमारी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या या येथील दोन्ही उपजीविका वाऱ्याशी बांधलेल्या आहेत. वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहणार, हा येथे चरितार्थाचा प्रश्न आहे.

किनाऱ्यावरील वाऱ्याला स्वतःचा नित्यक्रम असतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी बांधव पहाटे मतलई वाऱ्याबरोबर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर किनारा गाठत. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडील मोसमी वाऱ्यांचे प्राबल्य सुरू झाले की हा क्रम मोडतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे ज्ञान अमोल आहे. परंतु शेकडो किलोमीटर दूर समुद्रात आकार घेणारे संकट किनाऱ्यावरून दिसत नाही. तेथे हवामान खात्याचे उपग्रह व रडार यांचाच आधार घ्यावा लागतो.

3 जून 2020 रोजी याचा प्रत्यय आला. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. पूर्वसूचना मिळालेली असल्याने किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलविता आले. झाडे मात्र हलविता येत नाहीत. श्रीवर्धन परिसरातील वाड्यांमध्ये नारळ व पोफळी उन्मळून पडल्या. पोफळीला फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारच्या वाऱ्याने बागायतदाराची अनेक वर्षांची मिळकत नेली.

अंदाजातील आकड्यांचा अर्थ समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुपटीने नव्हे, तर चौपटीने वाढतो. ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेले छप्पर 120 च्या वाऱ्यातही टिकेल, हा हिशेब चुकीचा ठरतो. चक्रीवादळाचा केंद्रभाग गावावरून जात असता वारा एकाएकी पडतो. पण ती विश्रांती फसवी असते. काही वेळाने वारा विरुद्ध दिशेने तितक्याच जोराने उलटतो. त्या शांततेत घराबाहेर पडणे जिवावर बेतू शकते.

हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांतील इशारे जिल्हावार असतात. एकाच जिल्ह्यात उघड्या पुळणीवरील वारा वेगळा आणि डोंगराच्या आडोशाचा वेगळा. जिल्ह्याचा इशारा आपल्या आळीला कसा लागू पडतो, हे गावानेच ठरवावयाचे असते. कोणत्या होड्या वर ओढावयाच्या, कोणत्या घरांचे पत्रे सैल आहेत, विजेच्या तारांवर कोणत्या फांद्या झुकल्या आहेत, याची यादी पावसाळ्यापूर्वीच तयार हवी. ‘निसर्ग’नंतर अनेक गावांत वीज व दूरध्वनी दीर्घकाळ बंद होते, म्हणून घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ असणे हिताचे.

वादळ केवळ पावसाळ्याच्या तोंडावरच येते असेही नाही. ‘फयान’ हे वादळ 11 नोव्हेंबर 2009 रोजी, मासेमारीच्या ऐन हंगामात कोकण किनाऱ्यावर आले. होडी दूर गेल्यावर इशारा पोहोचविणे कठीण असते. तेव्हा होडी लोटण्यापूर्वी अंदाज पाहणे ही सवय झाली पाहिजे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून लाटा व वारा यांची माहिती मच्छिमारांसाठी दिली जाते.

वाऱ्याला अडविणे मनुष्याच्या हाती नाही. त्याची वार्ता वेळेवर ऐकणे आणि शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचविणे मात्र निश्चितच हाती आहे. जुन्या तांडेलाचा अनुभव आणि वेधशाळेचा अंदाज यांची सांगड घालणारे गाव वादळानंतर लवकर उभे राहील.