कटर दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज आम्ही लाकूड कापायच्या यंत्राबद्दल बोलणार आहोत. त्याला चेनसॉ म्हणतात, आपल्याकडे नुसतंच कटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरावर आणि वाटेवर पडलेली झाडं कोयता-कुऱ्हाडीने किती दिवस तोडणार? त्या दिवसांत कटरची किंमत कळली. पुढे आमच्या बचत गटाने एक घेतला. तो भाड्याने जातो आणि भाडं गटाच्या खात्यात येतं. चालवतो आमच्यातल्याच एका काकींचा मुलगा. त्याची रोजी त्यावरच.

यंदा पावसाच्या तोंडावर फणसाची फांदी त्या कटरवर पडली. कटर जमिनीवर ठेवलेला होता, म्हणून माणसाला काही झालं नाही. कटरची मागची मूठ तुटली, पट्टी वाकली, पुढचा ब्रेकचा दांडा मोडला. त्या आठवड्याच्या बैठकीत एकच विषय. कुणी म्हणाली, भंगारात घाला. कुणी म्हणाली, बारा हजारांची वस्तू, अशी कशी टाकायची?

आम्ही ठरवलं, आधी कटर तपासायचा आणि मग मत द्यायचं. कशी तपासणी केली, ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, दिसायला जे भयंकर, ते बहुधा स्वस्त असतं. पट्टी आणि साखळी झिजायच्याच वस्तू. चपलेच्या अंगठ्यासारख्या त्या बदलाव्याच लागतात. वरचं प्लास्टिकचं झाकण, मूठ, दोरीचा चरखा हेही सुटे मिळतात. एवढंच मोडलं असेल तर घाबरू नका.

दुसरी गोष्ट, इंजिनात दम आहे का? कटर बंद ठेवून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सुरू करायच्या दोरीच्या मुठीला धरून लटकवा. दमादमाने, अडखळत खाली आला तर दाब चांगला. सरकन खाली आला तर पिस्टन किंवा रिंग गेलेली असू शकते. मग कारागिराला सायलेन्सर काढायला सांगा आणि आतला पिस्टन स्वतः बघा. गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले तर खर्च मोठा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी पडलं की असे ओरखडे येतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. इंजिनाचं खालचं धातूचं घर असतं, त्याला क्रँककेस म्हणतात. ते पुसून, उजेडात नीट बघा. केसाएवढी भेग असली तरी तिथून हवा आत जाते. या इंजिनात पेट्रोल आणि ऑइल त्याच घरातून वर जातं. जास्तीची हवा शिरली की ऑइल अपुरं पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जळतो. म्हणजे आज दुरुस्त केलेला कटर महिन्याभरात पुन्हा बंद.

आमच्या कटरचा दम चांगला होता. पिस्टनही गुळगुळीत. पण पट्टी जिथे बोल्टने बसते, तिथेच घराला भेग निघाली.

एका कारागिराने सोपा मार्ग सांगितला. “वहिनी, भेगेला एम-सील लावतो, मोडलेला ब्रेक काढून टाकतो. दोन हजारांत चालू करून देतो.” खरं सांगतो, निम्म्या जणी तयार झाल्या होत्या. पावसाचे दिवस, कामं समोर, आणि काकींच्या घरची चूल त्यावर.

तेव्हा काकीच बोलल्या, “हा ब्रेक कशासाठी असतो, ते आधी विचारा.”

विचारलं. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला अडकला तर कटर उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. त्या क्षणी हात दांड्याला लागतो, किंवा झटक्यानेच ब्रेक पडतो, आणि साखळी जागच्या जागी थांबते. ब्रेक नसेल तर थांबवायला काही नाही. काकी म्हणाल्या, “मग माझ्या पोराच्या हातात तो कटर द्यायचा नाही. रोजी बुडाली तर बुडू दे.”

मग आम्ही रीतसर दुरुस्तीचा हिशेब लेखी मागवला. नवं घर, ब्रेक, मूठ, पट्टी, साखळी आणि मजुरी मिळून सात हजारांच्या वर. आमचा साधा नियम असा की, दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर थांबायचं. मत घेतलं आणि कटर मोडीत काढायचं ठरलं.

मोडीत काढणं म्हणजे किलोवर विकणं नव्हे. टाकीतलं पेट्रोल आणि ऑइल काढून घेतलं. कार्बोरेटर, कॉइल, पिस्टनसह सिलिंडर, चरखा हे चांगले भाग दुसऱ्या कारागिराला सुटे विकले. भंगाराच्या कितीतरी पट पैसे आले. उरलेलं मात्र भंगारात दिलं, कारण ते जोडून कुणी पुन्हा चालवायला नको.

नवा कटर घ्यायला गटाला दोन महिने लागले. ते दोन महिने काकींना जड गेले. गटाने त्यांना अंतर्गत कर्ज दिलं आणि हप्ता नवा कटर आल्यावर सुरू केला. ही तरतूदही ठरावातच लिहिली होती. मशीन मोडीत काढताना त्यावर कुणाचं पोट आहे, हेही बैठकीतच ठरायला हवं.

मैत्रिणींनो, कटर असो, गवत कापायचं यंत्र असो की पिठाची गिरणी, भाव विचारण्याआधी एवढं विचारा, की दुरुस्त झाल्यावर हे आपल्या घरच्या माणसाच्या हातात निर्धास्तपणे देता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दोन हजारांची दुरुस्तीही महागच.