आखाड्याची माती आणि दुखापतीची वही



सातारा आणि सांगली जिल्ह्यांत खेळाविषयी बोलायचे, तर आरंभ गोळेश्वरपासून करावा लागतो. कऱ्हाडजवळच्या या गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इतके शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढची हकिकत मात्र सहसा सांगितली जात नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि खाशाबांना त्या स्पर्धेस मुकावे लागले.

सत्तर वर्षे उलटली, तरी गुडघा तिथेच आहे. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा मुलगा निदानरेषेजवळ पाय रोवून झटकन वळतो, त्याच क्षणी घोट्याची पकड बसते. शरीर फिरते, पाय फिरत नाही, आणि गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो. त्यानंतरचे उपचारही ठरलेले. कोणी गरम तेल चोळतो, कोणी पाय ओढून ‘बसवतो’. वस्तुतः पहिल्या दिवशी चोळल्याने सूज वाढते आणि पूर्ण तुटलेला हा बंध मालिशने जुळत नाही. पंधरा दिवसांनी सूज उतरते, मुलगा पुन्हा मैदानात उतरतो आणि गुडघ्यातील गादीही फाटते. लोक म्हणतात, नशीब!

नशिबाचा हा हिशेब जगात इतरत्र तपासला गेला आहे. नेदरलँड्सच्या विलेम व्हॅन मेखेलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली साधी वाट दाखविली : दुखापती मोजा, त्यांचे कारण शोधा, उपाय करा आणि पुन्हा मोजा. नॉर्वेत १२५ फुटबॉल क्लबांतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. खेळापूर्वी वीस मिनिटे धावणे, पायांची ताकद, तोल आणि उडीनंतर गुडघा आत न वळविता उतरणे, एवढाच तो कार्यक्रम होता. गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. ऑस्ट्रेलियाच्या कॅरोलिन फिंच यांनी अवघड प्रश्न विचारला. प्रयोगात यशस्वी ठरलेला उपाय गावच्या मैदानावर कोणी करतच नसेल, तर त्याचा उपयोग काय?

न्यूझीलंडने २००१ पासून रग्बीच्या प्रत्येक प्रशिक्षकाला व पंचाला सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले. आधीच्या अनुभवावरून २००१ ते २००५ या काळात मणक्याच्या सुमारे १९ गंभीर दुखापती अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात आठ झाल्या. सामूहिक रेटारेटीच्या डावात नऊ अपेक्षित होत्या, तिथे एकच झाली. खेळ तोच राहिला, त्यातील जोमही गेला नाही.

हे सारे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. तालमीत सरावापूर्वी माती खणण्याची रीत आहे. ताक, तेल, हळद घालून मुरविलेली ती माती खणताना दोन कामे होतात : पडणाऱ्यासाठी अंथरूण मऊ होते आणि खणणाऱ्याचे अंग तापते. नवख्याला वस्ताद आधी पडायला शिकवतो, मान बळकट करून घेतो. कुंडलसारख्या मैदानात पंच तोलामोलाची जोड लावतात, तेही एक प्रकारचे संरक्षणच. जोड चुकली की मान धोक्यात येते, हे जाणत्या पंचाला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र जुने तेवढे सगळेच शहाणपणाचे, असेही नाही. दुखणे लपविणाऱ्याला शूर म्हणण्याची खोडही तालमीतच जोपासली गेली.

शिवाय आज बरीच मुले तालमीत जातच नाहीत. पोलीस वा सैन्यभरतीची जाहिरात आली की ती पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. काल शून्य, आज पाच किलोमीटर, आणि पायांत झिजलेले बूट. महिनाभरात नडगी दुखू लागते; तशीच धाव चालू ठेवली तर हाडाला बारीक तडा जातो आणि ऐन चाचणीच्या दिवशी मुलगा लंगडतो. सातारा जिल्ह्यात सैनिकी परंपरा घरोघरी आहे, म्हणून ही दुखापत तिथे एका मुलाची न राहता त्या घराची होते. अंतर आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढविणे आणि मधले दोन दिवस विश्रांती, याला पैसा लागत नाही. लागतो तो सांगणारा माणूस.

म्हणून उपायाचा आरंभ शाखेचा शिक्षक, मंडळाचा कार्यकर्ता, शाळेचा क्रीडाशिक्षक यांच्यापासून व्हावा. सुरुवात शंभर पानी वहीने होऊ शकते. दिनांक, वय, खेळ, जागा ओली की कोरडी, दुखापत कोणत्या क्षणी झाली आणि मुलगा किती दिवसांनी परतला, एवढे रकाने पुरेत. नाव लिहू नये, म्हणजे लपवाछपवी होणार नाही. वर्षअखेरीस ती वही गावातील डॉक्टरांसमोर ठेवावी. कोणत्या मैदानाचा कोणता कोपरा घोटे मुरगळतो, हे त्या पानांतूनच दिसू लागेल. तिथे माती टाकायची की चुन्याची रेषा हलवायची, ते मग मंडळाने ठरवावे.