संदेष्ट्यांचा हिशेब : आज्ञापालन आणि आशीर्वाद

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आज्ञापालन आणि आशीर्वाद यांचा करार रोखठोक मांडलेला आहे. देवाचे ऐकले तर पाऊस, पीक, गुरेढोरे आणि शत्रूवर जय. न ऐकले तर दुष्काळ, रोगराई आणि परचक्र. आशीर्वादाला १४ वचने, शापाला मात्र ५४. हिब्रू संदेष्टे याच विचारात वाढले. पण त्यांना या कराराचे नुसते कारकून समजणे अन्यायाचे ठरेल. इतिहासाने हा हिशेब पुन्हा पुन्हा चुकवला आणि तो नव्याने मांडणे त्यांना भाग पडले.

यहूदाचा डोंगराळ मुलूख कोरडवाहू. पावसाळ्याच्या तोंडी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आगोटीचा पाऊस आणि मार्च-एप्रिलात वळवाचा, हे दोन्ही वेळेवर आले तरच धान्य, द्राक्षारस आणि जैतुनाचे तेल घरात येई. तेथे आशीर्वाद म्हणजे प्रथम हेच. लोक या तीन गोष्टींचे श्रेय बआल दैवताला देतात, ही होशेयाची मुख्य तक्रार आहे.

आमोसापुढचा पेच वेगळा होता. इ.स.पू. आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या राज्यात, इस्राएल सुखवस्तू होते आणि ही सुबत्ता म्हणजेच देव प्रसन्न असल्याची पावती, असे धनिकांनी धरून चालले होते. तकोवाच्या या मेंढपाळाने पाहणी केली ती धान्यबाजाराची. माप लहान, वजन जड, तागडी खोटी, गव्हात भूस. आणि शब्बाथ कधी एकदा संपतो नि दुकान उघडतो, ही व्यापाऱ्यांची घाई. आज्ञापालनाची परीक्षा बेथेलच्या वेदीपाशी होत नाही, तागडीपाशी होते, असा त्याचा निवाडा आहे. यशया आणि मीखा यांनी हेच सूत्र यरुशलेमेतील न्यायाधीशांना आणि जमीनदारांना लावले.

खरी कसोटी यिर्मयाच्या वाट्याला आली. योशीया राजाने इ.स.पू. ६२२च्या सुमारास मंदिर स्वच्छ केले आणि परक्या देवतांच्या वेद्या पाडल्या. कराराप्रमाणे त्याला दीर्घायुष्य मिळायला हवे होते. इ.स.पू. ६०९मध्ये तो मगिद्दो येथे मिसरच्या फारोकडून मारला गेला. पुढे यरुशलेम पडल्यावर मिसरात गेलेल्या निर्वासितांनी यिर्मयाला जे सुनावले ते ४४व्या अध्यायात नोंदलेले आहे. आकाशराणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर भाकर होती, ते बंद केल्यापासून उपासमार आणि तलवार पाठीशी लागली, असा त्यांचा सूर. या वादात स्त्रियाही पुढे होत्या. अनुभव तोच, कराराची भाषाही तीच, देवता तेवढी वेगळी. यिर्मयाने अर्थातच उलट कारण सांगितले: त्या धुपामुळेच देश उजाड झाला. पीकपाण्यावरून देव सिद्ध करू पाहणाऱ्या युक्तिवादाची ही दुबळी बाजू संपादकांनी लपवली नाही, हे त्या पुस्तकाचे मोठेपण.

याच पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात रेखाबी कुळ भेटते. घर बांधू नका, पेरणी करू नका, द्राक्षारस पिऊ नका, असे त्यांच्या योनादाब नावाच्या पूर्वजाने सांगून ठेवले होते. बाबेलच्या सैन्याच्या भीतीने ते यरुशलेमेत आले असता यिर्मयाने मंदिराच्या एका खोलीत त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेले घडे व पेले मांडले. त्यांनी स्पर्श केला नाही. संदेष्ट्याने मद्यवर्जनाची थोरवी गायली नाही. माणसाचा शब्द पिढ्यान् पिढ्या पाळणारे हे लोक आणि देवाचा शब्द न ऐकणारा यहूदा, एवढाच विरोध दाखवला. त्यांना मिळालेला आशीर्वादही पिकाचा नाही. कुळाचा एक तरी पुरुष सदैव देवासमोर उभा राहील, इतकेच वचन.

बाबेलमधील बंदिवासात यहेज्केलाने क्रमच उलटवला. ३६व्या अध्यायात देव लोकांना परत आणतो तो त्यांच्या पुण्याईमुळे नव्हे, स्वतःच्या नावासाठी; नवे हृदय आधी देतो, आज्ञापालन त्यानंतर येते. धान्याची विपुलताही या दानातच मोडते.

परतलेल्या लोकांची शेते मात्र पिकत नव्हती. इ.स.पू. ५२०मध्ये हाग्गयाने त्यांच्यापुढे आकडेच ठेवले: २० मापांच्या राशीत १०, द्राक्षकुंडात ५०च्या जागी २०. कारण त्याच्या मते उघड होते. स्वतःची घरे तक्तपोशीची आणि मंदिर ओसाड. नवव्या महिन्याच्या २४व्या दिवसापासून आशीर्वाद सुरू होईल, अशी तारीखही त्याने दिली. हाग्गयाला हलका संदेष्टा मानण्याची अभ्यासकांत प्रथा आहे, ती फारशी न्याय्य नाही. उपाशी शेतकऱ्याशी तो शेतकऱ्याच्याच हिशेबात बोलला.

मलाखीही दशमांश भांडारात आणा, आकाशाची दारे उघडतील, असे सांगतो. पण त्याच अध्यायात श्रोते विचारतात की देवाची सेवा करून काय लाभ, उद्दाम लोकच भरभराटीत आहेत. या तक्रारीला त्या हंगामापुरते उत्तर मिळत नाही. देवाचे भय धरणाऱ्यांची नावे स्मरणाच्या पुस्तकात लिहिली जातात आणि निवाडा पुढे येणाऱ्या दिवसावर सोपवला जातो.