एक नाव, एक गाव

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे मतदार नोंदणीविषयी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पॅनेल, प्रचारफेरी आणि गुलाल उभा राहतो. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या कितीतरी आधी करावयाच्या, गुलाल नसलेल्या कामाविषयी. मतदार यादीत आपले नाव असणे, ते योग्य ठिकाणी असणे आणि एकाच ठिकाणी असणे, हे ते काम होय.

हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही. १८४८ साली डलहौसीने छत्रपतींचे सातारचे राज्य खालसा केले आणि पाचच वर्षांनी, १८५३ मध्ये, सातारची नगरपालिका स्थापन झाली. राज्य गेले आणि दिवाबत्तीचा कारभार हाती आला. तोही परक्या सरकारच्या कृपेने. १८८२ च्या रिपनच्या ठरावानंतर लोकनियुक्त सभासदांना चालना मिळाली खरी. पण मत कोणाला, हे मिळकत आणि कर पाहून ठरे. याच मुलखातील औंध संस्थानात १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता स्वखुशीने प्रजेच्या स्वाधीन केली. गावाने निवडलेली पंचायत हा त्या राज्यघटनेचा पाया होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातील आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. पुढे चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे उभी केली. गावाचा कारभार गावाने करावा, हा विचार आपल्याकडे दिल्लीहून आलेला नाही. तो या मातीत रुजलेला आहे.

आणि असे असूनही काय घडले ते पाहा. सातारा नगरपालिकेची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. त्यानंतरची झाली ती २ डिसेंबर २०२५ रोजी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे मतदान २०१८ च्या ऑगस्टनंतर थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक आले. पाच वर्षांची मुदत राज्यघटनेने घालून दिलेली असताना, आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात ती लांबत गेली. २०१६ ची संधी थोडक्यात हुकून त्या डिसेंबरात अठरा वर्षांचा झालेला सातारचा तरुण नगरसेवकासाठी प्रथम मत देऊ शकला, तो सत्ताविसाव्या वर्षी. इतक्या प्रतीक्षेनंतर हाती आलेले मत केवळ यादीत नाव नाही म्हणून वाया जावे, याहून खेदाची गोष्ट कोणती?

यादीचे गणित नीट समजून घ्या. स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु तो मतदारांची स्वतंत्र नोंदणी करीत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक दिनांकाची घेतली जाते आणि ती प्रभागवार विभागली जाते. प्रारूप यादीवर हरकती मागवल्या जातात, त्या चुकीच्या प्रभागात गेलेले नाव किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त करण्यासाठी. नवे नाव तेथे घालता येत नाही. नगरपालिकांच्या या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली आणि कार्यक्रम जाहीर झाला ४ नोव्हेंबरला. म्हणजे जो नोव्हेंबरात जागा झाला, तो चार महिने उशिरा जागा झाला. नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी नमुना ६, आणि पत्ता बदलला असेल अथवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८. अर्ज ऑनलाईन करता येतो, केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडेही देता येतो. सबब सांगायला जागा नाही.

आता थोडे कटू बोलतो. आपले दोन्ही जिल्हे पोटासाठी घराबाहेर पडलेल्यांचे जिल्हे आहेत. पाटण, जावळी, शिराळ्याची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेली. खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले. त्यांची गावाशी असलेली नाळ हे आपले वैभव आहे. परंतु त्या नाळेच्या नावाखाली कित्येकांची नावे दोन ठिकाणी राहिली आहेत. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मतदारांना आणायला गाड्या जातात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

कायदा काय सांगतो? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही आणि एकाच यादीत दोनदाही असू शकत नाही. गावात घर मालकीचे आहे, एवढ्यावरून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही. तसेच तात्पुरते बाहेर गेल्याने कोणाचा रहिवास संपतही नाही. म्हणून जतचा ऊसतोड मजूर काही महिने फडावर गेला, माणचा मेंढपाळ मेंढरे घेऊन बाहेर पडला, तरी त्याचे नाव गावातच राहिले पाहिजे. आणि जो तीस वर्षे बिऱ्हाडासह परगावी स्थिरावला आहे, त्याने तेथेच नाव नोंदवून येथले वगळले पाहिजे. २०२५ मध्ये आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकने लावली. ती वेळ आपल्या घरातील नावावर का यावी?

कोणी म्हणेल, मग गावाशी नाते तुटेल. नाही तुटणार. जत्रेला या, शाळेला हातभार लावा, वडिलांच्या नावाने झाड लावा. परंतु गावच्या नळाला पाणी किती दिवसांनी यावे, हे ते पाणी भरणाऱ्या भगिनीला ठरवू द्या. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीने सोसले. पूररेषेत बांधकाम होऊ द्यायचे की नाही, नाले मोकळे राहतात की नाही, याचा जाब महापालिकेला विचारायचा तो ज्याच्या उंबऱ्याशी पाणी येते त्याने. तुम्हीही जेथे राहता तेथील गटाराचा आणि रस्त्याचा जाब तेथेच विचारा.

आपण साखर कारखान्याचे सभासदत्व किती जपतो! शेअर कोणाच्या नावे आहे, वारसनोंद झाली का, याची चौकशी घरातले वडीलधारे करतात. पण लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव यादीत आले का, हे किती घरे पाहतात? निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि सुनेचे नाव अजून माहेरच्या यादीत, ही विसंगती आपल्याच घरातली आहे.

कार्यकर्त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. नाव वगळण्याचा अर्ज हे कोणाविरुद्धचे शस्त्र नव्हे. आडनाव पाहून, वस्ती पाहून, विरोधी गट पाहून हरकत घेऊ नका. खोटे प्रतिज्ञापन हा दंडनीय अपराध आहे. त्याहूनही मोठी गोष्ट अशी की खऱ्या मतदाराचे नाव घालवणे हा धर्म नव्हे. शुद्धीचा आरंभ स्वतःच्या घरापासून, भावकीपासून करा. पंडित दीनदयाळजी लोकमत परिष्काराविषयी सांगत असत. मतदार यादीचा परिष्कार ही त्याची पहिली पायरी आहे.

आणि मतदानाच्या दिवशी अर्धवट मत देऊन परतू नका. नगरपालिकेत नगराध्यक्षासाठी एक आणि प्रभागातील प्रत्येक जागेसाठी एक; महापालिकेत बहुतेक प्रभागांत चार; जिल्हा परिषदेच्या वेळी गटासाठी एक व गणासाठी एक. प्रत्येक जागेचे मत द्या, आणि जात, भावकी, जेवणावळ यांच्या पलीकडे पाहून द्या.

येत्या अर्हता दिनांकापूर्वी प्रत्येकाने आपल्या आसपासच्या दहा घरांची यादी पडताळावी, एवढेच मागणे आहे. जे आहेत पण यादीत नाहीत, त्यांना आणा. जे यादीत आहेत पण येथे राहत नाहीत, त्यांच्याशी प्रेमाने बोला. ज्या भूमीने हिंदवी स्वराज्याची राजधानी पाहिली, तिच्या लेकरांना स्वराज्याची वहीखाती चोख ठेवता आलीच पाहिजेत.