एका खोलीतला कोपरा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘माझी जडणघडण’ या विषयावर मी बोलावे, असे संस्थेच्या चिटणिसांनी मला सुचविले. ज्या जागेत ही जडणघडण झाली ती जागा १६० चौरस फुटांची होती. तेव्हा विषय तसा मोठा नाही, आणि आपला वेळही मी फार घेणार नाही.

मी वरळीच्या बी. डी. डी. चाळीत वाढलो. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या इमारती निदान बाहेरून तरी पाहिल्या असतील. मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात कामगारांसाठी त्या बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२, मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्याच्या मधोमध लांब पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. एका इमारतीत ८० बिऱ्हाडे. संडास मजल्याचे सामायिक. त्याही आधी, १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बी. आय. टी. चाळी उभ्या केल्या. अशा रीतीने सरकारने कामगाराला भिंती आणि छप्पर दिले. पण त्या छपराखाली कोणाला किती जागा मिळावी, हे ठरवायचे काम घरातल्या माणसांकडेच राहिले. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढ्यापुरतेच आहे.

आम्ही घरात सात माणसे. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांची रातपाळी असली म्हणजे सकाळी येऊन ते झोपत आणि खोलीतला अर्धा भाग दुपारपर्यंत बंद होई. आमच्या घरात माणूस झोपले आहे हे साऱ्या मजल्याला ठाऊक असे. शेजारच्या काकू आपल्या मुलांचा कॅरमबोर्ड उचलायला लावून पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला नेववीत. त्यांच्या यजमानांची रातपाळी असली की अम्मी आम्हाला दटावीत असे. कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. पाळी आज त्यांची, उद्या आमची. आजही दुपारच्या वेळी कोणाच्या घरी गेलो तर माझा हात दारावर हळूच पडतो. ही सवय मला कोणत्या पुस्तकाने लावलेली नाही.

चाळ म्हणजे स्वर्ग होता, असे मात्र मी म्हणणार नाही. भांडणे होत, दारू होती, आणि १९७४ च्या जानेवारीत याच चाळींत दंगल पेटली तेव्हा ओळखीची माणसेही एकमेकांना चुकवू लागली होती. मोठेपणी चाळीच्या आठवणी काढताना आपण गोड तेवढे सांगतो. मी आज एक गोड नसलेली गोष्ट सांगणार आहे.

माझी आपा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिचा पहिला नंबर असे. १९६५ साली ती सातवी झाली आणि तिची शाळा संपली. तिला कोणी ‘शिकू नकोस’ म्हटले नाही. फक्त पहाटे नळाला पाणी येई तेव्हा हंडा तिच्या हातात असे, आणि संध्याकाळी धाकट्यांना सांभाळायला तीच असे. खिडकीजवळचा उजेडाचा कोपरा माझा होता. मी मुलगा होतो, एवढे एकच कारण.

रात्री खोलीत अंथरुणे पडली की मी पुस्तके घेऊन खाली रस्त्यावरच्या दिव्याखाली जाई. वरळीत माझ्यासारखे पुष्कळ होते. अशा मुलांमुळे तिथल्या सुदाम काळू आहिरे मार्गाला पुढे ‘अभ्यास गल्ली’ हेच नाव पडले. त्या गल्लीचे कौतुक आपण वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळी रात्री दहा वाजता रस्त्याचा दिवा मुलासाठी होता. आपाला कोण जाऊ देणार?

मी मोठ्याने धडे वाची आणि ती भाकऱ्या थापता थापता ऐके. असे तिचे शिक्षण चालले होते, हे माझ्या गावीही नव्हते. १९७० साली माझी एस. एस. सी. झाली. गणिताचा पेपर देऊन घरी आलो तेव्हा अम्मीने विचारले, “कसा गेला रे?” आपाने प्रश्नपत्रिका मागून घेतली. रात्री सर्व निजल्यावर मोरीजवळ बसून तिने ती सोडवायला घेतली. मी सोडून आलेले एक उदाहरण तिने प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने बरोबर सोडविले होते. सकाळी मी ते पाहिले. त्याविषयी आम्ही दोघे कधीच काही बोललो नाही. पुढे मी शिक्षक झालो. वर्गात एखादी मुलगी गप्प बसलेली दिसली की मला तो कागद आठवे.

पालकहो, खोली लहान होती म्हणून आपाचे शिक्षण थांबले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना परळला एकाच खोलीत राहत. गजबज शमल्यावर अभ्यास व्हावा म्हणून वडील रामजी सुभेदार त्यांना लवकर निजवीत आणि रात्री दोनला उठवीत. पुढे १९१२ पासून सुमारे २२ वर्षे त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीतच होते. जागा वाढविणे सुभेदारांच्या हाती नव्हते; त्यांनी वेळ वाटून दिली. आमच्या घरीही वेळ वाटता आली असती. एक दिवसाआड हंडा माझ्या हातात देता आला असता.

आता त्या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी तरी कामगाराच्या घराला दुसरी खोली आली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ५०० फुटांतही कोपरा एकालाच मिळू शकतो. टीव्ही मोठा आला आणि अभ्यासाचे टेबल आले नाही, किंवा टेबल आले आणि त्यावर फक्त मुलगाच बसला, तर नव्या घरात जुनीच खोली राहिली असे मी म्हणेन.

म्हणून तुम्हा आईबापांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर जरा पाहा, दिव्याखाली कोण बसते आणि कामासाठी कोण उठते. रोजचे दोन तास ठरवा. त्या वेळी टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि पाणी, भांडी, धाकटी भावंडे यांची पाळी मुलगा-मुलगी दोघांना सारखी. संस्थेच्या चालकांनाही सांगणे आहे की अभ्यासिका काढाल तर मुलींना घरी सुखरूप परतता येईल अशा वेळा ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमचा निकाल लागेल, हार-पेढे येतील. त्या वेळी तुमच्या वाट्याला आलेला कोपरा कोणी सोडला होता, याची आठवण ठेवा. ती व्यक्ती अजून घरात असेल, आणि तिचे वय शिकण्याचे असेल, तर पेढा नंतर द्या. आधी तिला पुस्तक द्या. मला हे सुचायला फार उशीर झाला.