परदेशातील संक्रांत आणि घरातील मूल

मकरसंक्रांत सुगीचा सण म्हणून ओळखली जात असली, तरी एकाच पिकाच्या कापणीशी तिची गाठ बांधलेली नाही, ही गोष्ट परदेशी वाढणाऱ्या मुलांसमवेत हा सण करू पाहणाऱ्या कुटुंबांनी आधी ध्यानात घ्यावयास हवी. जानेवारीच्या मध्यावर महाराष्ट्रात खरिपाची बाजरी आणि तीळ घरात येऊन पडलेले असतात, गुऱ्हाळांतून नवा गूळ निघत असतो आणि रब्बीचा हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. म्हणूनच सुगडात, म्हणजे पूजेच्या लहान मातीच्या घटात, ऊस, बोरे, घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि गाजराचे तुकडे एकत्र येतात. सुगड हे त्या आठवड्यातील शिवाराचे जणू दप्तरच असते.

न्यू जर्सीतील शिवार त्या दिवसांत गोठलेले असते, तर मेलबर्नमध्ये भर उन्हाळा असतो. दक्षिण गोलार्धातील मुलाला, थंडीत ऊब धरते म्हणून काळे वस्त्र नेसावे, हे कारण सांगणे हास्यास्पद ठरते; शिवाय ज्या उत्तरायणाने भारतात दिवस मोठा होतो, त्यानेच तिकडे तो लहान होत जातो. शाळेत भूगोल शिकलेले मूल आणखी एक अडचणीचा प्रश्न विचारते : सूर्य 21 किंवा 22 डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, मग सण 14 जानेवारीला का? अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय मंद गतीने फिरत असल्यामुळे, अयनबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश सरकतो, आणि पंचांगातील संक्रांत ताऱ्यांच्या राशींवरून मोजली जात असल्याने हे अंतर पडले आहे. हे उत्तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला समजते. ‘आपल्यात तसेच असते’ हे मात्र त्याला पटत नाही, आणि पटू नयेच.

मुलांच्या दृष्टीने या सणाचा गाभा बोरन्हाण हा आहे. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा व तिळाच्या रेवड्या ओतल्या जातात, आणि भोवती जमलेली पोरे खाली पडलेला खाऊ वेचण्यासाठी झुंबड करतात. परदेशात बोरांची जागा ब्लूबेरी किंवा चॉकलेट घेते, कारण ताजी फळे विमानाच्या सामानातून नेण्यावर अनेक देशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, कडक निर्बंध आहेत. या बदलाविषयी हळहळण्याचे कारण नाही. ब्लूबेरी हे निदान फळ तरी आहे, चॉकलेटविषयी तसे म्हणता येत नाही. बोरच हवे असल्यास चिनी दुकानांत मिळणारे सुके तांबडे फळ बोराच्याच कुळातील आहे. शेंगदाणे आणि कडक गोळ्या मात्र चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असल्याने वगळाव्यात.

तिळगूळ शाळेत वाटतानाही असेच तारतम्य लागते. अमेरिकेत 2023 पासून तिळाचा समावेश प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत झाला असून वेष्टनावर तसा उल्लेख सक्तीचा आहे; तेव्हा शिक्षकांना विचारल्यावाचून डबा पाठवू नये.

परदेशातील मराठी मंडळांचा संक्रांतीचा समारंभ बहुधा शनिवार-रविवारी होतो, यावर काही ज्येष्ठ नाके मुरडतात. परंतु हळदीकुंकू आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, करण्याची मुभा परंपरेनेच दिलेली आहे. खरा दोष वाराचा नसून, त्या समारंभात मुलांना रंगमंचावर नटवून बसवले जाते आणि सणाचे काम मोठ्यांच्याच हाती राहते, हा आहे. तीळ मंद आचेवर भाजताना ते तडतडू लागले की उतरवायचे, गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहायचे, आणि मिश्रण गरम असतानाच तूप लावलेल्या हातांनी लाडू वळायचे, ही कामे मोठी माणसे शेजारी असतील तर मुलांना करता येतात. पाच वर्षांपुढील मुलाचे बोरन्हाण संपले असे समजावे, आणि पुढल्या संक्रांतीला तीळ भाजण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.