मैदान कुणाच्या बापाचं?

(बालगृहाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतल्या सभेत केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. समोर ही जी भिंत दिसते ना, तसल्याच एका भिंतीच्या आत मी सात वर्षं काढली. तेव्हा त्याला बालगृह कुणी म्हणत नव्हतं. रिमांड होम म्हणायचे. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली की पहिलं आमचं दप्तर उपसायचे. बाप मेला, आई हॉस्पिटलात पडली, एवढाच आमचा गुन्हा.

ह्या मुंबईत पोरांचं आणि तुरुंगाचं नातं जुनं आहे. डोंगरीच्या तुरुंगात 1882 साली टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले. हे आपण घोकून पाठ केलंय. पुढं त्याच तुरुंगात अनाथ, भटकी, पकडून आणलेली पोरं ठेवली. त्यांचे दिवस कुणी मोजले? तेव्हा जुन्या भिंतीचं मला प्रेम नाही. इमारत गळते, स्लॅबचे पोपडे पोरांच्या ताटात पडतात, तर पाडा तिला. खुशाल पाडा. आपलं भांडण पाडण्याशी नाही. पाडल्यावर त्या जागेचं काय करायचं हे कोण ठरवतं, त्याच्याशी आहे.

पेपरात कोपऱ्यात एक नोटीस आलीय. मुंगीएवढी अक्षरं. 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 37. आराखड्यात फेरबदल. त्या भाषेची साल काढली तर आत असं निघतं: बालगृहाच्या भूखंडातला रस्त्याकडचा तुकडा, म्हणजे सगळं मैदान, राहत्या इमारतीसाठी मोकळा करायचा. त्यावर टॉवर. मागं एका इमारतीत दोन मजले पोरांना. हरकत असेल तर एक महिन्यात कळवा.

आता मजा बघा. कायदा म्हणतो, फेरबदलानं ज्यांना बाधा पोचते त्या सगळ्यांना नोटीस द्या. मी चौकशी केली. समोरच्या सोसायटीला नोटीस पोचली. कोपऱ्यावरच्या गाळेवाल्याला पोचली. आत जी पोरं झोपतात, जेवतात, आजारी पडतात, त्यांना नाही. साहेबाला विचारलं तर हसला. म्हणाला, "ती काय जागेची मालक आहेत का?"

बरोबर आहे त्याचं. प्रॉपर्टी कार्ड नाही, भाडेपावती नाही, वीजबिल नाही, मत तर नाहीच. कागद नसलेला माणूस ह्या देशात बाधित होत नाही. तो नुसता हलवला जातो. हे आपल्याला नवं आहे का? झोपडी पाडताना आपल्याला हेच सांगितलं ना?

आता दुसरा कागद बघू. बाल न्याय कायदा 2015 चा. त्याचे आदर्श नियम केंद्रानं 2016 साली काढले. पन्नास पोरांच्या गृहात काय असावं त्याचा हिशेब त्यात आहे. झोपायला पोरामागं 40 चौरस फूट. जेवणाची खोली 800 चौरस फूट. वाचनालय 500. न्हाण्या पाच, संडास आठ. सगळ्याला आकडा आहे. आणि मैदान? मैदान पोरांच्या संख्येच्या मानानं "पुरेसं". बस! आकडाच नाही.

टॉवरच्या चटईक्षेत्राला दशांश चिन्हापर्यंत आकडा. पोराच्या धावण्याला आकडा नाही. जिथं आकडा नाही तिथंच बिल्डरची पहार बसते. हे लोक पोरांची खोली चोरणार नाहीत, ती नियमात पकडली जाईल. ते आभाळ चोरणार आहेत.

माझी गोष्ट सांगतो, मग खाली बसतो. मी दहा वर्षांचा असताना आमच्या गृहाची दुरुस्ती निघाली. म्हणाले, तीन महिने दुसरीकडं, मग परत. एका सकाळी गाडी आली. नावं वाचली. माझं एका यादीत, धाकट्या भावाचं दुसऱ्या. तो लहान वयाच्या पोरांत, मी मोठ्यांत. शाळा अर्ध्यात सुटली, माझं वर्ष गेलं. त्या जागेवर आम्ही परत कधी गेलोच नाही. भाऊ मला नऊ वर्षांनी भेटला, तेव्हा मला "अहो" म्हणाला.

नकाशावर रेघ मारणाऱ्या साहेबानं माझ्या भावाला मारलं नाही, हात लावला नाही. त्यानं फक्त रेघ मारली. तेवढ्यानं एका पोराला सख्खा भाऊ परका झाला.

बाबासाहेबांनी 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि 1925 साली सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. का? त्यांना ठाऊक होतं, पोराला आधी पाय टेकायला जागा लागते, पुस्तक त्यानंतर. जागा काढून घेतली की पुस्तक आपोआप सुटतं. ज्यांना आपली पोरं शिकू द्यायची नाहीत त्यांनाही हे ठाऊक आहे.

म्हणून उद्यापासून काय करायचं ते ऐका.

एक. वस्तीतल्या प्रत्येकानं हरकत लिहायची. छापील नको, आपल्या हातानं, आपल्या भाषेत. पोच घ्यायची, शिक्का मारून. आणि सुनावणीला हजर राहायचं.

दोन. त्याच आदर्श नियमांत मुलांच्या समित्या सांगितल्यात: सहा ते दहा, अकरा ते पंधरा, सोळा ते अठरा, अशा वयोगटांच्या. त्या समित्यांची हरकत नोंदवून घ्या, हे आपण लेखी मागायचं. पोरांना काय पायजे ते पोरंच सांगतील.

तीन. "पुरेसं" हा शब्द खोडायचा. मैदान किती फूट लांब, किती फूट रुंद, ते मंजुरीत आकड्यात लिहा. जमिनीवर लिहा, गच्चीवर नाही.

चार. काम चालू असताना पोरं ह्याच भागात राहतील, शाळा बदलणार नाही, सख्खी भावंडं तोडली जाणार नाहीत, परत आणायची तारीख आधी ठरेल. हे आधी कागदावर येऊ द्या, मग हातोडा उचला.

महिन्यातले अकरा दिवस गेलेत. एकोणीस उरलेत.

भिंतीपलीकडं आत्ता पोरं खेळतायत, आवाज येतोय. ऐका जरा. हा आवाज फायलीत कसा घालायचा, एवढंच आपलं काम आहे.

जय भीम.